दुरुस्तीला गेलेलं मशीन

ब्लँकेटचं एक टोक नळाला अडकवून ती दुसरं टोक पिळत होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. अर्ध्यावर सोडलं तर पीळ उलगडतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, हे हाताने धुणाऱ्यालाच कळतं. तिने दात-ओठ खात आधी पीळ पुरा केला, पाणी निथळू दिलं आणि मग "आले, आले, दार मोडू नका" असं ओरडत, ओले हात पोटाशी पुसत ती बाहेर आली.

दारात हिरवं जाकीट घातलेली एक बाई उभी होती. गळ्यात शिट्टी. चेहरा ओळखीचा होता, पण नाव ठाऊक नव्हतं. ही शाळेच्या बसमधली बाई. मुलांना हात धरून चढवते, उतरवते, शिट्टी मारून गाडी हलवते. मुलं तिला बसताई म्हणतात. पहाटेची पाळी संपवून बेकरीतून घरी येताना हिला रोज ती बस आडवी यायची.

"मशीनवाल्या दादांचं घर हेच ना?"

"कोण मशीनवाले?"

"ते हो, चौकातल्या मोठ्या दुकानात असतात ते. कपडे धुवायची मशीनं विकतात."

"हेच घर. पण ते आत्ता तिकडेच असणार."

"माहितीये. ते नसतानाच यायचं होतं मला. तुमच्याशी बोलायचंय, वहिनी."

नवरा घरी नसताना एक बाई त्याच्या बायकोशी बोलायला येते म्हटल्यावर कुणीही नको ते मनात आणेल. तिनेही आणलं. पण समोरच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. होता तो नुसता शिणवटा, आणि आत या म्हणायची वाट बघणं. तिने दार पुरतं उघडलं.

घरात बसायला दोन खुर्च्या होत्या आणि एक कॉट. बसताई खुर्चीच्या कडेवर टेकली. बोलता बोलता तिची नजर खोलीभर फिरत होती. काहीतरी शोधत असावी तशी.

"दादांकडून मशीन घेतलं मी, हप्त्यावर. आमचे सासरे अंथरुणाला खिळलेत. दिवसातून कितीदा चादरी बदलाव्या लागतात, तुम्हाला काय सांगू. माझे हे ट्रक चालवतात, पैसे येतात तेव्हा येतात. मी म्हटलं, माझ्या पगारातून काढू हप्ता. आणि नेमकी आता शाळेने दुपारची बस बंद केली. पगार निम्मा." तिने शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली. "मशीन परत द्यायचा उद्या शेवटचा दिवस आहे. दिलं तर पहिले भरलेले पैसे बुडतात, पण पुढचं तरी सुटतं. द्यायचंच ठरवलं होतं. पण आज बसमधून उतरले आणि म्हटलं, त्याआधी एकदा तुम्हाला विचारावं."

"मला? मला काय विचारायचं?"

"तुम्ही कसं भागवता ते."

"काय भागवायचं?"

"दादा म्हणाले होते ना. तुमच्याकडे अगदी हेच मशीन आहे, तेही हप्त्यावरच घेतलेलं. तुम्ही आधी नको-नको करत होतात, आणि आता म्हणता, एवढी वर्षं उगाच कंबर मोडून घेतली. तुमच्या हातांच्या भेगासुद्धा भरल्या म्हणाले."

दोघींनी एकदमच हातांकडे पाहिलं. साबणाच्या पाण्यात भिजून बोटं पांढरी पडली होती आणि अंगठ्यांच्या पेरांवर भेगा लाल दिसत होत्या. तिने हात पाठीमागे घेतले.

अस्सं! म्हणजे नवऱ्याने दुकानात दुसरा संसार मांडला होता. तिथे एक बायको होती, मऊ हातांची, ताठ कंबरेची, आणि तिची तारीफ दिवसभर गिऱ्हाइकांपुढे चालायची. सवत असावी तर अशी. खायला मागत नाही, भांडत नाही, आणि नवऱ्याचा धंदाही वाढवते.

"दिसत नाही कुठे ते?" बसताई मोरीच्या दिशेने मान लांब करत म्हणाली.

"दुरुस्तीला गेलंय," ती म्हणाली.

तोंडातून शब्द सुटला आणि तिचं तिलाच नवल वाटलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. उलट, फटकळ म्हणूनच ती प्रसिद्ध होती. पण परक्या बाईसमोर, आपल्याच उंबऱ्याच्या आत, नवऱ्याला खोटं पाडायला तिची जीभ काही रेटेना. घरात त्याला काय सोलायचं ते ती संध्याकाळी सोलणारच होती.

"अगं बाई! इतक्यात बिघडलं?"

"किरकोळ आहे. येईल."

"तरीच म्हटलं, हात असे का. आठवडाभर हाताने धुताय वाटतं."

तिने मान हलवली आणि चहा टाकायला आत गेली. चहात दूध नव्हतं, ते या घरात केव्हाच बंद झालं होतं. बेकरीतला कालचा पाव भाजून तिने बशीत ठेवला. बसताईने पाव चहात बुडवला आणि विचारलं, "मग सांगा ना, वहिनी. कसं निभावता?"

इथे थांबायला हवं होतं. नाही निभत, परत देऊन टाक, एवढं बोलली असती तरी पुष्कळ होतं. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या घराच्या काटकसरीला आजवर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. शेजारी त्यांना कवडीचुंबक म्हणत. सख्खी बहीण तोंडावर म्हणाली होती, "पैसा काय मेल्यावर बरोबर नेणार आहात?" फोनवर रोज कुणीतरी लाडिक आवाजात कर्ज घ्या म्हणून मागे लागायचं. पूर्वी माणूस कर्ज मागायला जायचा, आता कर्जच माणसं मागत फिरतं, असं ती हसून म्हणायची, पण त्या हसण्याला कुणी साथ देत नव्हतं. आणि आज ही बाई, चांगली कामाधामाची बाई, तिच्यासमोर बसून शिकवणीला आल्यासारखी विचारत होती, कसं निभावता.

तिची कळी खुलली. काय करणार, माणूसच ती.

"दुधापासून सुरुवात करायची," ती खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "पहिले चार दिवस चहा कडू लागतो, मग दुधाचाच मिळमिळीत लागायला लागतो. बेकऱ्या संध्याकाळी उरलेला पाव निम्म्यात देतात, लाजायचं नाही, मागायचा. टीव्ही आम्ही विकून टाकला. एका वेळी एकच दिवा. मी इथे असले की आतला बंद. यांचे केस मी कापते. पायी जाता येतं तिथे बस नाही. आणि काही घ्यावंसं वाटलं की एक अख्खा ऋतू थांबायचं. ऋतू पालटल्यावरही ती वस्तू आठवली तर तिच्यासाठी पैसे बाजूला टाकायला लागायचं. बहुतेक वस्तू आठवतच नाहीत, खोटं नाही सांगत."

बसताई मान डोलवत होती. मध्येच पुटपुटत होती, "दूध... हो, दूध बंद करता येईल. सासऱ्यांपुरतं ठेवलं की झालं. माझं काय."

"तुम्हाला चालेल तेवढंच करा."

"नाही हो, जमेल. तुम्ही दोघं करताय की." तिने कप खाली ठेवला. चेहऱ्यावरचा ताण निवळला होता. "जीव भांड्यात पडला माझा. मला वाटलं होतं, आपल्यासारख्यांना हे झेपायचं नाही. नाही परत देत आता. रात्रीतून उठून चादर धुवायची म्हटलं की रडू यायचं हो मला."

जिन्यावरून उतरताना बसताईने वळून हात हलवला. वरून एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिने कठड्यावर हात ठेवला, तोंडही उघडलं, आणि बसताई खालच्या वळणावर दिसेनाशी झाली. घरात येऊन तिने मोरीत पाहिलं. नळाला अडकवलेल्या ब्लँकेटचा पीळ उलगडला होता.

संध्याकाळी तो आला. बूट काढले, दुकानाचा निळा कोट काढून खुंटीला अडकवला, पाय धुतले. दिवसभर उभं राहून त्याच्या पोटऱ्या दगड व्हायच्या, म्हणून तो आल्या आल्या भिंतीला पाय लावून जमिनीवर पडायचा. तसाच तो पडला होता.

"आपलं मशीन कधी येणार दुरुस्तीहून?" ती म्हणाली.

"कुठलं मशीन?"

"तेच. ज्याने माझ्या हातांच्या भेगा भरल्या."

तो एकदम उठून बसला नाही. भिंतीवरचे पाय हळूच खाली घेतले आणि छताकडे बघत राहिला.

"कोण आलं होतं?"

तिने सांगितलं. बसताईचं, सासऱ्यांचं, निम्म्या पगाराचं. दुरुस्तीचं सांगताना तिचा आवाज जरा खाली गेला, पण तेही तिने सांगितलं. लपवून ठेवायचा तिचा पिंड नव्हता. दूध, पाव, टीव्ही, केस, सगळं सांगितलं.

"सगळेच सांगतात गं तसं," तो म्हणाला. "आमच्याकडेही हेच आहे म्हटल्याशिवाय गिऱ्हाईक हलत नाही. साहेब तर म्हणतो, स्वतः हप्त्यावर काही घेत नाहीस तर विकणार कशाच्या जोरावर? दर महिन्याला ते हप्त्याचं कार्ड माझ्यापुढे सरकवतो. मी नको म्हणतो. मग निदान तोंडाने तरी..."

"तोंडाने तरी घेता."

"हो." मग तो म्हणाला, "आणि खरं सांगू? सांगताना बरं वाटतं मला. त्या घरात तू खुर्चीत बसलेली असतेस. पाय वर घेऊन. मशीन चालू असतं आणि तू नुसती बसलेली असतेस."

एक चांगला टोमणा तिने तयार ठेवला होता, तो गिळला.

ते दोघं असे काही जन्मतः नव्हते. त्याचा थोरला भाऊ, म्हणजे तिचे भाऊजी, हौशी माणूस. घरात येईल त्याला आधी नवी वस्तू दाखवायचे, मग पाणी विचारायचे. सगळं हप्त्यावर. एका हप्त्यासाठी दुसरं कर्ज, दुसऱ्यासाठी तिसरं. मग एक दिवस माणसं आली आणि एकेक वस्तू उचलून न्यायला लागली. ही दोघं त्या दिवशी तिथेच होती. फ्रिज नेताना त्यातलं उरलंसुरलं अन्न त्यांनी वाडग्यांसकट जमिनीवर मांडून ठेवलं. आणि भाऊजींनी काय करावं? फ्रिजला दाराचा ओरखडा लागू नये म्हणून ते स्वतः दार धरून उभे राहिले. "जरा तिरका घ्या," असं सांगतही होते. त्याच हिवाळ्यात ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. जाऊबाई माहेरी गेल्या त्या तिथल्याच झाल्या. स्मशानातून घरी आल्यावर या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ठरवलं, हप्त्याची वस्तू या उंबऱ्याच्या आत येणार नाही. जे नाही ते नाही. तो नियम त्यांनी एकदाही मोडला नव्हता, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की त्याचं एक समाधान असायचं. कुणाच्या दारावरच्या थापेने आपल्याला दचकायला नको, एवढंच.

"आपण असं राहतो ते हप्ता नको म्हणून," ती म्हणाली. "आणि ती बाई आता असं राहून हप्ता भरणार. मी शिकवलं तिला."

"तू सांगून टाकायचंस मग."

"तुम्हाला खोटं पाडून? माझ्याच दारात?"

तो उठून बसला आणि पोटऱ्या चोळू लागला.

"उद्या शेवटचा दिवस आहे ना परत द्यायचा?" तिने विचारलं.

"हो. पण एक सांगतो. परत आलेलं मशीन विकणाऱ्याच्या नावावर पडतं. आधीच माझी काही परत आली आहेत. अजून एक आलं तर साहेब मला गोदामात टाकणार. तिथे पगार किती असतो ते तुला माहितीये."

"टाकू दे गोदामात. तिथे बोलावं तरी लागणार नाही."

"आणि घर कसं चालवायचं?"

"अजून काहीतरी कमी करू."

"आता काय कमी करायचं राहिलंय?" तो जवळजवळ ओरडलाच.

तिने खोलीभर पाहिलं. दोन खुर्च्या, कॉट, टेबल, एक दिवा. खरंच, काय राहिलं होतं? तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की कशाचं कोण जाणे. ती उठली आणि तिने चपला पायात सरकवल्या.

"तुम्ही येताय की मी एकटी जाऊ?"

तो उठला, खुंटीवरचा कोट परत अंगात घातला. बाहेर गारठा होता आणि दुसरा कोट त्याच्याकडे नव्हता.

बसताईचं घर बसच्या आगाराच्या मागच्या गल्लीत होतं. दुकानाने मशीन तिथे पोचवलं होतं, त्यामुळे पत्ता त्याला माहीत होता. वाटेत तो म्हणाला, "मी बोलू की तू?" आणि ती म्हणाली, "माझं मी बोलते, तुमचं तुम्ही बोला."

"अगंबाई, वहिनी! आणि दादा पण! या, या."

दार उघडताच समोर पलंगावर सासरे होते. तोंडाची एक बाजू ओघळलेली. डोळे मात्र जागे. पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीला लागून मशीन चालू होतं. मोरीत जागा नव्हती म्हणून ते खोलीतच ठेवलेलं, आणि पाण्याची नळी जमिनीवरून मोरीत गेलेली. काचेच्या गोल दारामागे चादरी फिरत होत्या. म्हातारबाबा त्यांच्याकडे एकटक बघत होते.

"दिवसभर बघत बसतात," बसताई हसून म्हणाली. "टीव्ही बंद केला मी आजच. हे आहे की करमणुकीला. बसा ना. चहा टाकते, कोरा चालतो ना तुम्हाला? आता आमचाही कोराच."

"चहा नको," ती म्हणाली. उभ्या उभ्याच बोलली, बसली असती तर धीर सुटला असता. "ताई, मी तुम्हाला दुपारी खोटं सांगितलं. आमच्याकडे मशीन नाही."

बसताईचा हात किटलीवर होता, तो तिथेच राहिला. तिने हिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत उभा होता.

"कधी नेलं?" बसताईने हळूच विचारलं.

"काय?"

"मशीन. कधी नेलं त्यांनी?"

"नेलं नाही हो कुणी. नव्हतंच आमच्याकडे. कधीच नव्हतं. यांनी दुकानात खोटं सांगितलं, आणि मी घरात."

"खरं आहे," तो म्हणाला. "तुम्ही उद्या मशीन परत द्या, ताई. मी स्वतः लिहून देतो, न्यायला माणूस पाठवतो. तुमची अडचण होणार नाही."

बसताईने किटली खाली ठेवली. जवळ येऊन तिने हिचे दोन्ही हात हातात घेतले, भेगांवरून अंगठा फिरवला. तिच्या स्वतःच्या हातांना साबणाचा वास येत होता.

"असू दे, वहिनी. माझ्यापुढे कसली लाज? आमच्या यांची मोटरसायकल उचलून नेली ना, तेव्हा मी पण सगळ्या गल्लीला हेच सांगत होते. आमच्याकडे नव्हतीच, मित्राची होती. ज्यांचं नेतात ती सगळीच असं म्हणतात."

"अहो, पण आमचं नेलेलं नाही! आमच्यावर एका पैचं कर्ज नाही. आम्ही हप्त्यावर काही घेतच नाही. ठरवलंय आम्ही तसं."

"बरं, बरं."

"बरं काय? तुम्हाला पटत नाहीये का?"

बसताईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत खोट काढणं नव्हतं, टोमणा नव्हता. मुलाला बसमधून उतरवताना, पाय घसरू नये म्हणून बघावं तशी ती बघत होती.

"वहिनी, तुमचं घर मी आज डोळ्यांनी पाहिलं. कोरा चहा. शिळा पाव. टीव्ही विकलेला. दोघंही कमावता, आणि खोलीत एक दिवा." तिने आवाज अजून खाली आणला, म्हातारबाबांनाही ऐकू जाऊ नये इतका. "हप्ते नसताना माणसं अशी राहतात होय?"

हिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने इतक्या गिऱ्हाइकांना इतक्या गोष्टी पटवल्या होत्या. एकदा, एकदाच खरी गोष्ट पटवून द्यायची वेळ आली होती. त्याने तोंड उघडलं. "ताई, आमच्या भावाचं..." एवढं बोलला आणि थांबला. पुढचं सांगितलं असतं तरी त्याचा अर्थ बसताईने काय घेतला असता, हे दोघांनाही समजत होतं.

"कळलं मला. घरातलं माणूस अडचणीत आलं की आपण उभं राहायचंच," बसताई म्हणाली. "तुम्ही भले आहात, दादा. स्वतःचं जाऊनसुद्धा माझं जाऊ नये म्हणून एवढ्या गारठ्यात सांगायला आलात. कोण येतं? पण माझी काळजी करू नका. मी आता मुळीच परत देत नाही. दुपारी माझ्यासाठीच ठेवणार होते, आता तुमच्यासाठी पण." तिने हिचे हात सोडले आणि गाल पुसले, स्वतःचे. "तुमचं धुणं उद्यापासून इकडे आणायचं. ऐकणार नाही मी. पाणी तेवढंच, साबण तेवढाच. दोन घरांचं निघालं तर हप्त्याचं चीज तरी होईल."

"नको, ताई," ती म्हणाली. "खरंच नको."

"नको काय नको? बहिणीकडे आणलं असतं की नाही?"

मशीन एकदम जोरात थरथरायला लागलं. पिळायची वेळ झाली होती. जमीन उंच-सखल असल्यामुळे त्याचा एक पाय आपटत होता आणि पलंगही हादरत होता. म्हातारबाबांच्या तोंडातून कसलासा आवाज आला. तो झटकन खाली बसला, मशीनचा पुढचा पाय हाताने चाचपला, फिरवून थोडा वर घेतला, तळहात मशीनच्या अंगावर ठेवून बघितलं. थरथर थांबली. हे काम त्याला येत होतं.

"बघा, आपल्या माणसाचा हात लागला की कसं होतं," बसताई कौतुकाने म्हणाली. तो उठताना तिची नजर त्याच्या कोटाच्या बाहीवर गेली. दुकानातल्या चहाचा डाग होता, मनगटापासून कोपरापर्यंत. "हे काय, दादा? दुकानात उभं राहायचं तुम्हाला, असा कोट चालेल का? काढा तो. आताच ही खेप निघते, दुसरी लावायचीच आहे. सकाळची बस आटपली की दुकानात आणून देते."

"राहू द्या. घरी धुऊ."

"घरी कशाने धुणार?" बसताई म्हणाली, आणि हात पुढे केला.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती पलंगाची कड धरून उभी होती आणि म्हातारबाबांच्या पांघरुणाकडे बघत होती. ते नुकतंच धुतलेलं होतं, मऊ होतं. मग त्याने एकेक बटण काढायला सुरुवात केली.

बसताईने कोट घेतला, झटकला, सवयीने खिसे तपासले. आतल्या खिशातलं पेन काढून तिने त्याच्या हातात दिलं आणि ओल्या चादरी बाहेर काढायला ती मशीनपुढे बसली.